काय लावता?

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिला तेहतीस वर्षं झाली होती. मालक बदलले, पाटी बदलली, लाकडी कपाटांच्या जागी काचेची आली, पण ती जिथल्या तिथे होती. गल्लीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे ट्यूबताई. कुणी हात पुढे करून लाल चट्टा दाखवला, कुणी मान खाजवत आलं, कुणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, की ती कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची, एक नजर टाकायची आणि मागच्या खणातून एक ट्यूब काढून समोर ठेवायची. "सकाळ-संध्याकाळ, पातळ थर. चोळायचं नाही." दहातली आठ माणसं बरी व्हायची. उरलेली दोन परत यायची नाहीत, आणि न येणाऱ्यांचं पुढे काय झालं हे कळायला तिला काही मार्ग नव्हता. तिच्या लेखी दहाच्या दहा बरी झालेली असत.

तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही याची शेजारपाजारच्या प्रत्येकाकडे एक वेगळी गोष्ट होती. तिची स्वतःची कुणाला ठाऊक नव्हती. एक धाकटा भाऊ होता, सहा वर्षांनी लहान. त्याला ती धाकट्या म्हणायची, तो चोपन्न वर्षांचा झाला तरी. दोन गल्ल्या सोडून त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, त्यात फोमच्या लाद्या, कापडाचे तागे आणि उघडे पडलेले सोफे. जुन्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचं काम. चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरून एकेक काढून ठोकायची त्याची सवय, त्यामुळे दिवसभर तो ओठ मिटूनच बोलायचा. बायको म्हणायची, यांच्या तोंडात नुसत्या चुका.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी तो दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, जरा मागे ये."

मागच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला, त्यानं पाठ फिरवून पँट जरा खाली केली. कमरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या भागावर तळहाताएवढा चट्टा होता. फिकट तांबूस, कडा धड नाहीत, आणि वरची कातडी बारीक सुरकुतलेली, पातळ कागद चुरगळून पुन्हा पसरावा तशी.

"खाजतं?"

"संध्याकाळी थोडं."

"दिवसभर घामात बसतोस. नायटा आहे," ती म्हणाली आणि बुरशीवरचं मलम दिलं.

महिन्यानं चट्टा होता तसाच. मग तिनं ठरवलं, नायटा नाही, इसब आहे. स्टेरॉइडची ट्यूब दिली, साधी. दहा दिवसांत चट्टा फिका पडला. भाऊ खूश, तीही खूश. ट्यूब थांबली की चट्टा परत यायचा, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. इसब असतोच तसा चिवट. पुढे मांडीच्या आतल्या बाजूला एक उठला, मग काखेखाली, मग बरगडीवर. साधी ट्यूब पुरेनाशी झाली तेव्हा तिनं कडक दिली. ती पुरेनाशी झाली तेव्हा त्याहून कडक. भाऊ दर पंधरा दिवसांनी दुकानासमोर गाडी थांबवायचा, उतरायचाही नाही, नुसती भुवई उंचवायचा. ती ट्यूब घेऊन बाहेर जायची.

"एकदा डॉक्टरला दाखवून ये," असं ती वर्षातून एकदा म्हणायची.

"घरात तू असताना?" असं तो वर्षातून एकदा म्हणायचा.

आणि खोटं कशाला, ते ऐकायला तिला बरं वाटायचं.

नवव्या वर्षी बरगडीवरचा चट्टा जाड झाला. हाताला लागायला लागला, एखाद्या गादीला आतून गाठ पडावी तसा. त्याच्या बायकोनं एकदा पाठीला साबण लावताना तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दंडाला धरून इस्पितळात नेलं.

तिसऱ्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. चाळिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याला सगळे कपडे काढायला लावले. इतक्या वर्षांत कुणी सगळे कपडे काढायला लावले नव्हते. ताईनं एका वेळी एक चट्टा पाहिला होता, तो दाखवेल तेवढाच. बाईंनी खोलीतला दिवा बंद केला आणि बॅटरीचा उजेड बाजूनं, कातडीला घासत जाईल असा धरला. मग एका पारदर्शक पट्टीनं एकेक चट्टा मोजून कागदावर माणसाचं चित्र काढून त्यात भरला. एकोणीस निघाले. बहुतेक सगळे ऊन न लागणाऱ्या जागी.

"काय लावता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "आंघोळीनंतर थोडं तेल."

बाईंनी मान डोलावली आणि मांडीवरच्या चट्ट्याचा एक बारीक गोल तुकडा तपासणीला काढला. पंधरा दिवसांनी अहवाल आला: जुनाट इसबासारखं दिसतं, निश्चित निदान नाही.

ताईला हे कळलं तेव्हा ती मनातल्या मनात म्हणाली, बघा. मी काय म्हणत होते.

पण डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं नव्हतं. तीन महिन्यांनी त्यांनी त्याला परत बोलावलं, पुन्हा बॅटरी, पुन्हा पट्टी, पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच तेल. या वेळी दोन तुकडे काढले. त्यांचा अहवाल ऐकायला जायच्या दिवशी भावजयीला कामावरून सुटी मिळेना, म्हणून ताई बरोबर गेली.

बाहेरच्या बाकावर तासभर बसणं झालं. धाकट्यानं बाकाचं रेक्झिन बोटानं दाबून पाहिलं आणि "आत भुस्सा भरलाय," असं नापसंतीनं सांगितलं. मग नाव पुकारलं गेलं.

डॉक्टरीणबाईंनी अहवालाचा कागद टेबलावर सपाट केला. "काचेवर तुकडा बघणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलंय," त्या म्हणाल्या, "की थोड्या पेशी संशयास्पद आहेत, पण फार थोड्या. नक्की सांगता येत नाही. आणि शेवटी त्यांनी एक प्रश्न लिहिलाय." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "रुग्ण स्टेरॉइड मलम वापरतो का?"

खोलीत पंखा फिरत होता. बाई धाकट्याकडे बघत होत्या.

"नाही," धाकटा म्हणाला.

मग बाईंनी ताईकडे पाहिलं. सहज पाहिलं, घरचं माणूस म्हणून. ताईच्या पर्समध्ये त्या क्षणी एक ट्यूब होती, जाता जाता त्याला द्यायची म्हणून घेतलेली. ती खाली बघत राहिली. तेहतीस वर्षं ती लोकांना विचारत आली होती, आधी काय लावलं होतं, खरं सांगा. खोटं बोलणारा माणूस तिला काउंटरपलीकडून ओळखता यायचा. आता ती त्यांच्यातलीच एक होती आणि समोरच्या बाईंना ते ओळखता आलं नाही.

जिना उतरताना ती भावाला म्हणाली, "सांगायचं होतंस."

"तुझं नाव कशाला घेऊ? उद्या दुकानावर काही आलं म्हणजे?"

"त्या विचारतायत तर काही कारण असेल ना."

"डॉक्टर लोक विचारतातच," तो म्हणाला आणि हात पुढे केला. तिनं पर्समधली ट्यूब काढून त्याच्या हातावर ठेवली. हे सगळ्यात वाईट, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं. न बोलण्यापेक्षाही.

तीन दिवस ती नेहमीसारखी दुकानात उभी राहिली. चौथ्या दिवशी सकाळी एक बाई गळ्याखालचा चट्टा दाखवायला आली. ताईनं चष्मा नाकावर आणला, खण उघडला, आणि हात तिथेच राहिला.

"कधीपासून आहे?"

"झालं असेल वर्ष."

"डॉक्टरला दाखवलंय?"

"अहो, तुम्हीच तर देता दर वेळी!" बाई हसत म्हणाली.

ताईनं खण बंद केला. मालकांना म्हणाली, "मी तासाभरात येते," आणि ज्या खणातून हात रिकामा काढला होता त्यातूनच, गेल्या नऊ वर्षांत भावाला दिलेल्या मलमांचा एकेक नमुना काढून कागदी पिशवीत भरला. पाच प्रकार होते.

इस्पितळात भेटीची वेळ ठरलेली नव्हती, त्यामुळे शेवटचा पेशंट जाईपर्यंत थांबावं लागलं. मग ती आत गेली आणि पिशवी टेबलावर उपडी केली.

"हे लावतो तो," ती म्हणाली. "तेल नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकेक ट्यूब उचलून नाव वाचलं आणि ओळीनं मांडली, साध्यापासून कडकपर्यंत. ओळ लावताना त्या एकदाही चुकल्या नाहीत आणि त्यांना विचारावंही लागलं नाही.

"किती वर्षं?"

"नऊ."

"चिठ्ठी कुणाची?"

"माझीच."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ताईला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला माहीत होतं. बाईंनी कागद ओढला आणि विचारायला सुरुवात केली: कोणतं मलम कोणत्या साली, दिवसातून किती वेळा, कुठे लावायचा, शेवटचं कधी लावलं. ताई पाढा म्हटल्यासारखी सांगत गेली. तिची स्मरणशक्ती चांगली होती. अर्ध्या तासात नऊ वर्षं कागदाच्या दोन बाजूंवर मावली.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "मला ज्याचा संशय आहे तो आजार असेल, तर या मलमानं त्या पेशी मागे हटतात. जात नाहीत, हटतात. मग मी तुकडा काढते तेव्हा काचेवर बघण्यासारखं फारसं उरत नाही. दोनदा हेच झालंय. चार आठवडे सगळं बंद. एकही थेंब नाही. खाज सुटेल, चट्टे उसळून वर येतील. येऊ देत. मग बघू."

"संशय कसला आहे?"

"सांगते, पण संशय म्हणूनच ऐका. कातडीचा लिंफोमा. दुर्मीळ असतो. वर्षानुवर्षं इसबासारखा दिसतो, भल्याभल्यांना फसवतो."

"म्हणजे कॅन्सर."

"त्याचा एक प्रकार. फार सावकाश चालणारा. पण आधी ठरू दे."

ताईनं ट्यूबा पिशवीत भरायला घेतल्या. बाई म्हणाल्या, "त्या राहू देत इथेच."

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्द न वगळता. धाकट्याच्या तोंडात या वेळी चुका नव्हत्या, तरी तो ओठ मिटून बसला.

"तू गेलीस कशाला?" तो शेवटी म्हणाला. "मी तुला सांभाळून घेत होतो ना."

"मला सांभाळत होतास आणि स्वतःला?"

भावजय उठली आणि घर धुंडाळायला लागली. कपाटाच्या खणातून दोन ट्यूबा निघाल्या, दाढीच्या डब्यातून एक, गाडीच्या डिकीतून तीन, उशीच्या अभ्र्यातून एक. अभ्र्यातली बघून तिचा बांध फुटला.

"डिकीतल्यांचं मी विचारलं होतं! तर म्हणाले ग्रीस आहे! आणि वन्सं, तुम्ही! तुम्हाला मी शंभर वेळा म्हटलं, यांना डॉक्टरकडे जायला सांगा, तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात, काही नाही गं, इसब आहे. दोघं भावंडं मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होतात!"

"हो," ताई म्हणाली.

भावजयीनं सातही ट्यूबा ओट्यापाशी नेऊन एकेक पिळून रिकामी केली. मग दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन आणखी चार शोधून काढल्या, त्यातली एक फोमच्या लाद्यांच्या मध्ये.

पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्यात चट्टे लाल झाले. तिसऱ्यात ते असे उसळले की सदरा अंगाला लागला तरी त्याला सहन होईना. तो काम करता करता लाकडी पट्टी पाठीत घालून खाजवायचा. भावजयीनं त्याची नखं कापली, ओले पंचे करून दिले, पंख्याखाली बसवलं. डॉक्टरीणबाईंनी खाजेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी झोप यायची, खाज जायची नाही.

सतराव्या दिवशी दुपारी त्याची गाडी दुकानासमोर थांबली. या वेळी तो उतरला, आत आला, काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. डोळे तांबारले होते.

"एक दे," तो म्हणाला.

"नाही."

"साधी दे. ती पहिली, एकदम हलकी होती ती. फक्त काखेत लावतो. तिथला तुकडा नाही काढणार त्या."

"कुठला काढतील ते त्यांनाच माहीत नाही अजून. अकरा दिवस राहिलेत, धाकट्या."

"तुझं काय जातंय बोलायला! तुझ्या अंगाला लागलीय का आग?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मालकांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"नऊ वर्षं न मागता देत होतीस," तो आवाज उतरवून म्हणाला. "आज मागतोय तर नाही म्हणतेस."

तिनं काउंटरवरचे त्याचे हात पाहिले. मनगटापाशी खाजवून खाजवून रक्त सुकलं होतं. लहानपणी त्याला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा आईनं तिला त्याच्याजवळ बसवलं होतं, हात धरून ठेवायला. तेव्हाही तो असाच बघायचा.

"नाही देणार," ती म्हणाली. "जा."

तो गेला. ती दाराशी येऊन बघत राहिली. गाडी घराच्या दिशेला वळली नाही, चौकाकडे गेली. चौकात दुसरं औषधांचं दुकान होतं. त्या दुकानात तिनं तेहतीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. तिथल्या काउंटरवरच्या टकल्याशी तिचं बोलणंही नव्हतं, दोघंही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात असं दोघांनाही वाटायचं. तिनं चपला सरकवल्या आणि जवळजवळ धावतच निघाली.

ती पोचली तेव्हा टकल्यानं ट्यूब काढून समोर ठेवली होती आणि धाकटा खिशात हात घालत होता.

"देऊ नका याला," ती दारातूनच धापा टाकत म्हणाली. "तपासणी व्हायचीय याची. मलम लावलं तर आजार सापडत नाही."

टकल्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. तिला वाटलं, आता हा हसणार. नाहीतर म्हणणार, तुम्ही दिलेलं चालतं आणि मी दिलेलं चालत नाही का? पण त्यानं ट्यूब उचलली आणि खणात परत ठेवली.

"माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं," तो म्हणाला. "बसा जरा, पाणी घ्या."

तिघं तिथे बसली. धाकटा पाणी प्यायला, मग त्यानं चेहऱ्यावर हात घेतले आणि खांदे हलायला लागले. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण पाठीला हात लागलेला त्याला सोसला नसता. ती नुसती शेजारी बसून राहिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दिवा बंद केला आणि बॅटरी धरली. या वेळी त्यांना बॅटरीची गरज नव्हती. एकोणिसांचे तेवीस झाले होते आणि बरगडीवरचा तर दारातून दिसला असता. त्यांनी तीन जागा शाईनं खुणावल्या: बरगडी, मांडी आणि पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली एक, जिथे धाकट्याचा हात कधीच पोचला नव्हता आणि त्यामुळे मलमही. बधिर करायचं इंजेक्शन, गोल पात्याचं छोटं हत्यार, एक पीळ, एक टाका. तीन वेळा. तिन्ही मिळून वीस मिनिटं. भावजय आत थांबली, ताई बाहेर.

अहवालाला तीन आठवडे लागले. काचा बघणाऱ्या डॉक्टरांनी वेगवेगळे रंग टाकून पाहिले, मग पेशींची जनुकं तपासायला दुसरीकडे पाठवली. त्या तीन आठवड्यांत ताईनं काउंटरवरून स्टेरॉइडची एकही ट्यूब चिठ्ठीशिवाय दिली नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही चौकात गेली. तिथूनही परत आली. टकल्यानंही चिठ्ठी मागायला सुरुवात केली होती.

निदान ऐकायला तिघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"आता नक्की झालंय. तिन्ही तुकड्यांत त्याच पेशी आहेत, कातडीच्या वरच्या थरात ओळीनं बसलेल्या. आणि दोन वेगळ्या जागांच्या तुकड्यांत एकाच पेशीची पिल्लावळ आहे, हे जनुकांच्या तपासणीत दिसलं. कातडीचा लिंफोमाच आहे. त्याचं नाव मायकोसिस फंगॉइडीस."

"फंगॉइडीस?" ताई पटकन म्हणाली. "म्हणजे बुरशी?"

"नाही. बुरशीशी काही संबंध नाही. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा पाहिला त्यांना त्याच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. चुकीचं आहे, पण तेच चालत आलंय."

ताईच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते कुठून आलं हे तिचं तिलाच कळेना. "पहिल्या दिवशी मी याला बुरशीचंच मलम दिलं होतं हो," ती म्हणाली. धाकटाही हसला. भावजय दोघांकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली.

रक्त तपासलं गेलं, अंगभर स्कॅन झालं, काखेतल्या आणि जांघेतल्या लिंफच्या गाठी चाचपून झाल्या. आजार कातडीतच होता. रक्तात नाही, गाठींत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या टप्प्यावरची बहुतेक माणसं या आजारासोबत पुष्कळ वर्षं काढतात आणि जातात ती भलत्याच कशानं. मुळापासून उपटून टाकता येईल असं वचन त्या देणार नाहीत, पण दाबून ठेवता येईल. आठवड्यातून तीन वेळा प्रकाशाची पेटी.

भावजय आणि धाकटा कागदपत्रं करायला बाहेर गेले, तेव्हा ताई मागे राहिली.

"एक विचारू? माझ्यामुळे किती नुकसान झालं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या आजाराच्या सुरुवातीला आम्हीसुद्धा हीच मलमं देतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिलेलं शेवटचं तर मीही लिहून दिलं असतं. पण मी काय आहे ते जाणून दिलं असतं आणि दर तीन महिन्यांनी सगळे कपडे काढून पाहिलं असतं. नऊ वर्षांपूर्वी तुकडा काढला असता तर कदाचित तेव्हाही इसबच म्हणाले असते. या आजाराला नाव मिळायलाच कित्येकदा वर्षं जातात. कदाचित सापडला असता. काही झालं नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. झालं असंही सांगू शकत नाही."

ताईला यातलं एक काहीतरी हवं होतं; कोणतंही चाललं असतं. तिनं मान हलवली आणि बाहेर आली.

प्रकाशाची पेटी म्हणजे माणूस उभा राहील एवढं कपाट, आतून चारी बाजूंना निळसर नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला लंगोट, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी अर्धं मिनिट, मग थोडं थोडं वाढवत. धाकट्याला पहिल्यांदा त्यात उभं राहायची लाज वाटली, नंतर तो आत गुणगुणायला लागला, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. दोन महिन्यांत खाज गेली. चौथ्या महिन्यात मांड्यांवरचे चट्टे विरले आणि तिथे नुसते तपकिरी डाग राहिले. बरगडीवरचा सपाट झाला, गेला नाही.

सातव्या महिन्यातल्या तपासणीला ताई बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं मोजून तेविसातले चार शिल्लक असल्याचं सांगितलं. पेटी आठवड्यातून दोनदा केली. बरगडीवरच्या चट्ट्यासाठी एक मलम लिहून दिलं. ताईनं चिठ्ठी वाचली. शेवटच्या वर्षी ती देत होती तेच होतं. तिनं घडी घालून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

इस्पितळाच्या बाहेर टपरीवर दोघांनी चहा घेतला. धाकट्याचा चेहरा पेटीतल्या प्रकाशानं चांगलाच काळवंडला होता आणि त्याला तो रंग शोभत होता.

"ताई, तू त्या दिवशी एकटी का गेलीस बाईंकडे?" त्यानं विचारलं. "मी मरेन असं वाटलं?"

तिनं विचार केला. खोटं सांगणं सोपं होतं आणि ऐकायला चांगलंही वाटलं असतं.

"तितकं लांबचं नाही सुचलं," ती म्हणाली. "त्या कागदावर प्रश्न लिहिला होता. लिहिणाऱ्या माणसानं तुला कधी पाहिलंही नव्हतं, नुसता तुकडा पाहून त्याला शंका आली. उत्तर मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. तीन दिवस तेच डोक्यात."

"मलाही ठाऊक होतं."

"तुला एका तरी ट्यूबचं नाव ठाऊक होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "निळी, पिवळी आणि ती लाल टोपणाची."

त्याला तीनपर्यंत कापडवाल्याकडे पोचायचं होतं. एका सभागृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम मिळालं होतं, रंग अजून ठरला नव्हता. तिला दुकानात जायचं होतं. त्यानं तिला गाडीवरून चौकापर्यंत सोडलं आणि तिथून ती चालत गेली.